पाय थकले, कीं वाट बुजली?

अमेरिकेंत मुलाकडे किंवा लेकीकडे चार महिने राहून परत आलेल्या वडील मंडळींच्या बोलण्यांत तेथील फुटबॉलचा विषय हटकून निघतो, आणि तो बहुधा कौतुकानें निघत नाहीं. रविवारीं सारें घर पडद्यापुढें ठाण मांडून बसतें, आणि पडद्यावर पाहावें तों शिरस्त्राणें घातलेले बावीस धिप्पाड गडी एकमेकांच्या अंगावर कोसळत असतात. नांव फुटबॉल, पण चेंडूस पाय क्वचितच लागतो! हा आक्षेप अगदींच खोटा आहे असें नाहीं. तथापि ह्या ढकलाढकलीच्या पोटांत विचारी माणसानें लक्ष द्यावें असा एक प्रश्न दडलेला आहे. एखाद्या कर्त्या माणसास उतरती कळा लागली असें केव्हां म्हणावें, आणि बाहेरून पाहणारास तें कशावरून कळावें, हा तो प्रश्न होय. त्याचा ऊहापोह ज्या एका खेळाडूच्या निमित्तानें तेथें वर्षानुवर्षें चालला, त्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम खेळाची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. मैदान एका शेवटच्या रेषेपासून दुसरीपर्यंत १०० यार्ड लांब. चेंडू ज्यांच्या हातीं, त्या पक्षास चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढें सरकावें लागतें. साधलें तर पुनः चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. पुढें सरकण्याचे मार्ग दोन. एक, चेंडू हवेंतून फेंकून सहकाऱ्याच्या हातीं पोंचविणें. दुसरा, तो उराशीं धरून धांवत सुटणें. ह्या दुसऱ्या कामावर नेमलेल्या गड्यास रनिंग बॅक म्हणतात. त्याच्या पुढें पांच वजनदार गड्यांची फळी उभी असते. क्वार्टरबॅक नांवाचा सूत्रधार त्याच्या हातीं चेंडू देतो त्याच वेळीं ही फळी प्रतिपक्षास रेटून बाजूस सारते, आणि माणसांच्या त्या भिंतींत कोठें तरी एक फट पडते. त्या फटींतून त्यानें निसटावयाचें.

आतां खरी गोष्ट अशी कीं, फट जेथें पडावयाची म्हणून ठरलें असेल तेथेंच ती पडेल असें नाहीं. ठरलेली वाट बंद होते आणि दोन हात पलीकडे दुसरी उघडते. एक क्षण थांबावें कीं तसेंच घुसावें, आंत वळावें कीं बगल देऊन बाहेर पडावें, ह्याचा निर्णय सेकंदाच्या आंत झाला पाहिजे. आपल्या हुतूतूंत चढाईस गेलेला गडी दम असतां कोठवर शिरावें आणि केव्हां फिरावें हें जसें जाणतो, तशीच कांहींशी ही विद्या आहे. म्हणूनच तेथील जाणते लोक रनिंग बॅकच्या पायांइतकीच त्याच्या नजरेची वाखाणणी करतात.

अशा नजरेचा अलीकडील काळांतील एक थोर नमुना म्हणजे लाडेनियन टॉमलिनसन. टेक्सासांत १९७९ सालीं जन्मलेला हा गडी २००१ मध्यें सॅन डिएगो शहराच्या चार्जर्स संघांत आला. २००६ च्या हंगामांत त्यानें ३४८ वेळां चेंडू घेऊन धांवून १८१५ यार्ड मिळविले, म्हणजे दर वेळीं सरासरी ५.२ यार्ड. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला म्हणजे त्यास टचडाउन म्हणतात; ते त्यानें त्या एका हंगामांत ३१ केले आणि आजवरचा उच्चांक मोडला. वर्षांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानहि त्यासच मिळाला. त्या वेळीं त्याचें वय होतें २७.

पुढें काय झालें तें आंकड्यांतच पाहावें. २००७ मध्यें त्याची सरासरी ४.७ झाली, २००८ मध्यें ३.८, आणि २००९ मध्यें केवळ ३.३, त्या वर्षीं त्याचे एकंदर ७३० यार्ड भरले. तीन वर्षांत शिखरावरून पायथ्याशीं! २०१० च्या फेब्रुवारींत संघानें त्यास निरोप दिला. तिशी उलटलेला रनिंग बॅक म्हणजे संपलेला माणूस, अशी तेथें जवळजवळ म्हणच पडली आहे, आणि टॉमलिनसनला तिशी लागून आठ महिनेच झाले होते.

ह्यावर दोन पक्ष पडले. पहिल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, दोष त्याचाच. पूर्वीं हा फट दिसतांच तिच्यांत वीज शिरावी तसा शिरत असे. आतां फळीच्या मागें घुटमळतो, एका वाटेवर पाय टाकतो तों दुसरीचा मोह पडतो, आणि तेवढ्यांत घेरला जातो. ह्यांत नवल तें काय? २००१ पासून २००७ पर्यंतच्या सात हंगामांत तो २३६५ वेळां चेंडू घेऊन धांवला, आणि अशा बहुतेक धांवेचा शेवट कोणी तरी अंगावर कोसळूनच होतो. शिवाय २००८ च्या जानेवारींत मोठ्या सामन्याच्या वेळीं गुडघा दुखावल्यामुळें तो दोनदांच चेंडू घेऊन धांवला आणि मग शिरस्त्राण न उतरवितां बाकावर बसून राहिला. त्याच सामन्यांत सूत्रधार फिलिप रिव्हर्स मात्र गुडघ्याचा बंध तुटलेला असतांहि शेवटपर्यंत खेळला. तेव्हांपासून त्याच्या पायांबरोबर त्याच्या जिद्दीविषयींहि लोक शंका घेऊं लागले.

दुसरा पक्ष म्हणतो, वाट नसेल तर वाटसरूनें काय करावें? लोरेंझो नील नांवाचा एक दणकट गडी टॉमलिनसनच्या पुढें धांवून त्याची वाट मोकळी करीत असे. २००८ च्या हंगामापूर्वींच त्यास संघानें काढून टाकलें. २००९ च्या पहिल्याच सामन्यांत फळीच्या मध्यभागीं उभा राहणारा निक हार्डविक जायबंदी झाला आणि जवळजवळ सारा हंगाम बाहेर राहिला. त्याच वर्षीं, त्याच फळीच्या मागें धांवणाऱ्या तरुण व चपळ डॅरेन स्प्रोल्सची सरासरी तरी किती? ३.७. म्हणजे फळींतच खिंडार पडलें होतें; म्हातारपणाचा शिक्का मात्र एकट्याच्या कपाळीं बसला.

दोन्ही पक्षांचे आंकडे खरे आहेत, हीच ह्या वादांतील गंमत आणि हीच अडचण. क्षणभर थांबणें हा गुण कीं दोष, हें पुष्कळदां थांबणारावर अवलंबून नसून त्याच्या पुढच्या फळीवर अवलंबून असतें. ह्याचें दुसरें उदाहरण ल्हेव्हिऑन बेल ह्याचें. पिट्सबर्गच्या संघांत असतां फळीच्या मागें क्षणभर स्तब्ध राहून मग निसटण्याची त्याची ढब सर्वांच्या कौतुकाचा विषय झाली होती. २०१६ मध्यें त्याची सरासरी ४.९ होती. वेतनाच्या वादापायीं २०१८ चा सारा हंगाम तो घरीं बसला, आणि २०१९ मध्यें न्यू यॉर्कच्या जेट्स संघांत गेल्यावर त्याची सरासरी ३.२ वर आली. वर्षभराच्या खंडाचा परिणाम झाला नसेल असें नाहीं. परंतु ज्या थांबण्यास एका गांवीं धीर म्हटलें, त्यासच दुसऱ्या गांवीं लोक कचर म्हणूं लागले, हें विसरतां येत नाहीं.

टॉमलिनसनच्या बाबतींत मात्र दैवानें ह्या वादाची कसोटीच लावून दिली. २०१० मध्यें त्यासहि जेट्स संघानेंच घेतलें, आणि त्या काळीं त्या संघाची फळी नामांकित होती. ३१ वर्षांच्या ह्या 'संपलेल्या' माणसानें तेथें २१९ वेळां धांवून ९१४ यार्ड मिळविले, सरासरी ४.२, म्हणजे त्याच संघांतील तरुण शॉन ग्रीनहून कणभर अधिकच! दुसऱ्या पक्षास जितं मया म्हणावयास हरकत नव्हती. परंतु हंगामाच्या आरंभीं दिसलेलें तेज पुढें ओसरत गेलें. २०११ च्या जानेवारींत पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यांत, जिंकल्यास अंतिम सामना गांठावयाचा अशा वेळीं, शेवटच्या चरणांत रेषा अवघी एक यार्ड दूर असतां चौथ्या प्रयत्नास चेंडू त्याच्या हातीं देण्यांत आला. प्रतिपक्षाच्या भिंतीनें त्यास जागच्या जागीं अडविलें, आणि जेट्स २४-१९ असे हरले. पुढच्या हंगामांत त्याचे केवळ २८० यार्ड झाले, आणि २०१२ मध्यें त्यानें खेळ सोडला.

मग निवाडा काय द्यावा? आमच्या मतें दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. निर्णय हा केवळ डोळ्यांचा नसतो. तो डोळे आणि पाय ह्यांच्यांतील जुन्या कराराचा असतो. सत्ताविसाव्या वर्षीं जी फट दिसतांच गांठतां येत असे, ती तिसाव्या वर्षींहि डोळ्यांस तितकीच स्पष्ट दिसते. पण तेथवर पोंचण्यास पायांस निमिषभर अधिक लागतें, आणि तेवढ्यांत ती मिटते. पाहणारास वाटतें, ह्याची बुद्धि चळली. वास्तविक बुद्धि जागच्या जागींच असते. ती हिशेब मात्र कालच्या पायांच्या भरंवशावर करीत असते. सहकारी भक्कम असले म्हणजे फट क्षणभर अधिक उघडी राहते आणि हा दोष झांकला जातो. सहकारी खचले कीं तो उघडा पडतो. जेट्स संघांत काय आणि सॅन डिएगोंत काय, घडलें तें हेंच.

ज्यांनीं हा करार वेळींच नवा केला, ते टिकले. फ्रँक गोर ह्याच्या दोन्ही गुडघ्यांवर विद्यार्थिदशेंतच शस्त्रक्रिया झाल्या होत्या. वेगाच्या जोरावर आपलें निभणार नाहीं हें त्यानें आरंभींच ओळखलें असावें. लहान फट, लहान पाऊल आणि नि:संकोच निर्णय ह्या तीन गोष्टींवर तो वयाच्या ३७ व्या वर्षापर्यंत, २०२० च्या हंगामाअखेर, बरोबर १६,००० यार्ड धांवला. उलटपक्षीं जिम ब्राउन हा १९६५ चा हंगाम अव्वल ठरून गाजविल्यावर, तिशींतच, कोणीं जा म्हणण्यापूर्वीं स्वखुशीनें निघून गेला. दोघेहि शहाणेच, एकानें आपल्यास बदलून घेतलें, दुसऱ्यानें काळास आपल्यावर हात टाकूं दिला नाहीं. टॉमलिनसनहि कांहीं पराभूत ठरला नाहीं. १३,६८४ यार्डांची त्याची कमाई कोणीं हिरावून घेतली नाहीं. ज्या सॅन डिएगोनें निरोप दिला त्यांनींच २०१२ मध्यें एका दिवसापुरता करार करून त्यास आपल्या संघाचा म्हणून निवृत्त होऊं दिलें, आणि २०१७ मध्यें खेळांतील थोर पुरुषांच्या मालिकेंत त्यास स्थान मिळालें.

आपल्या घरांत तरी निराळें काय असतें? चाळीस वर्षें घराचा व्यवहार सांभाळलेल्या वडिलांचा एखादा बेत फसतो, किंवा सणाचा सारा स्वयंपाक एकहातीं उरकणाऱ्या सासूबाईंना ऐन पंगतीस उशीर होतो, आणि घरांतील तरुण मंडळी हळूच म्हणतात, आतां ह्यांच्यानें होत नाहीं. तसें म्हणण्यापूर्वीं त्यांनीं एकवार स्वतःस विचारावें कीं, ह्यांच्या पुढें जी फळी उभी राहावयाची ती आपलीच. ती आपण धरली होती काय? आणि वडील मंडळींनींहि आपल्या मनाशीं पाहावें कीं, आपण हिशेब करतों तो आजच्या पायांचा कीं कालच्या? हे दोन प्रश्न ज्या घरांत वेळेवर विचारले जातात, तेथें कारभार एका हातून दुसऱ्या हातीं जातो, पण कोणाचा मान जात नाहीं.