रानातल्या देवाला जाताना

माघ सरत आला की चिपळूण-खेडकडच्या घराघरांत नागेश्वराचे नाव निघते. भात कधीच घरात आलेले असते, पेंढ्याची उडवी रचून झालेली असते. आंबा-काजूकडे नजर लागलेली असली तरी हाताला चार दिवस उसंत असते. रात्री पडवीत बसल्या बसल्या कोणीतरी विषय काढतो, "यंदा शिवरात्रीला वर जायचं काय?" आणि बघता बघता दहा-बारा मंडळी तयार होतात. तुमच्याही घरी असा बेत चालला असेल, तर निघण्यापूर्वी या चार गोष्टी वाचून ठेवा.

नागेश्वराचे स्थान सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, वासोटा किल्ल्याच्या शेजारी आहे. देऊळ म्हणाल तर कळस नाही की सभामंडप नाही. डोंगराच्या कड्यात एक मोठी गुहा, गुहेत महादेवाची पिंडी आणि वरच्या कातळातून पिंडीवर बारा महिने ठिबकणारे पाणी. या देवाला अभिषेक घालायला कोणी माणूस लागत नाही. साताऱ्याकडचे भाविक बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोट्याच्या पायथ्याशी येतात आणि रानातून चढतात. आपण कोकणातली माणसे खेड तालुक्यातल्या चोरवणे गावातून चढतो. चिपळूणहून गाडीने चोरवण्यापर्यंत जायचे आणि पुढे पायांवर भरवसा ठेवायचा. बेताच्या चालीने चार तास तरी धरावेत. चढ अंगावर येतो. अर्धी वाट दाट झाडीतली, तर काही उघड्या कातळावरची.

हे रान साधेसुधे नाही. वासोट्याचे दुसरे नावच व्याघ्रगड. शिवकाळात राजापूरच्या वखारीतले काही इंग्रज पकडले गेले, त्यांतल्या काहींना याच किल्ल्यावर कैदेत ठेवले होते. भोवतालचे अरण्य हाच मोठा पहारा होता. १९८५ साली सुमारे ४२४ चौरस किलोमीटरचे हे रान कोयना अभयारण्य म्हणून जाहीर झाले. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कोयनेचे नाव लागले. येथे गवा आहे, बिबट्या आहे, अस्वल, सांबर, भेकर आणि शेकरूही आहे. २०१८ साली चांदोलीच्या बाजूला रानात लावलेल्या कॅमेऱ्याने वाघही टिपला.

आता काही मंडळी म्हणतात, "आमचे आजे-पणजे या वाटेने गेले, त्यांनी कोणाला विचारले होते? देवाला जायला परवानगी कशाला?" हा प्रश्न रागाने झटकून टाकण्यासारखा नाही. अभयारण्याच्या कडेला शेती करणाऱ्याला गवे आणि डुकरे किती छळतात, ते ज्याचे त्यालाच माहीत. आणि त्या रानात एके काळी आपल्यासारखीच कुटुंबे नांदत होती. कोयनेचे धरण झाले, तेव्हा खोऱ्यातली गावेच्या गावे पाण्याखाली गेली आणि माणसे सोलापूर, ठाणे, रायगड, रत्नागिरीकडे पांगली. पुढे अभयारण्यासाठीही काही वस्त्या उठल्या. वासोट्याच्या पायथ्याला मेट इंदवली हे गाव होते. आज तेथे रान आहे, गाव नाही. कोणाच्या तरी नाचणीच्या शेतावर आज जांभूळ-अंजनी उभी आहे. म्हणून हे रान फुकट राखले गेलेले नाही. त्याची किंमत शेतकऱ्यांनीच मोजली आहे, आणि एवढी किंमत मोजून राखलेली वस्तू आपणच नासवणे शहाणपणाचे नाही.

शिवाय हे रान आपल्याला काय देते, तेही पाहा. गुहेतले ते ठिबकणारे पाणी येते कोठून? माथ्यावर चार महिने धो धो पाऊस कोसळतो. झाडांची मुळे आणि खालचा पाचोळा त्यातले पाणी धरून ठेवतात. ते हळूहळू मुरते, कातळाच्या भेगांतून उतरते आणि पिंडीवर थेंब थेंब पडते. वरचे झाड गेले, पाचोळा जळाला, की पाणी मुरायचे सोडून सरळ वाहून जाईल आणि माती सोबत नेईल.

माथ्याच्या पूर्व उतारावरचे पाणी कोयनेच्या शिवसागरात जाते. त्यातले बरेचसे बोगद्यातून पोफळीच्या वीजघरात उतरते, पुढे कोळकेवाडीला पुन्हा वीज करते आणि वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून खाडीकडे जाते. पश्चिम उतारावरचे तर थेट आपल्याच बाजूला येते. डोंगर बोडके झाले की हेच पाणी गाळ घेऊन येते. २२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकर विसरणार नाहीत. अतोनात पाऊस हे त्याचे मोठे कारण खरे, पण गाळाने उथळ झालेल्या नदीत पाणी मावणार तरी किती? पुढे वाशिष्ठीतला गाळ यंत्रे लावून काढावा लागला. देवाच्या माथ्यावरचे रान आणि आपल्या दारातली नदी यांचे नाते असे जवळचे आहे.

तेव्हा जायचे ते पाहुण्यासारखे. निघण्यापूर्वी वनखात्याकडे आणि चोरवणे गावात चौकशी करा. पावसाळ्यात जाऊच नका. वाट माहीत असलेला गावचा माणूस सोबत घ्या, कारण आडवाटा फसवतात. पहाटे चढायला लागा आणि उजेड आहे तोवर खाली या. अभयारण्यात रात्री मुक्काम करू देत नाहीत, आणि अंधारात त्या वाटेवर गव्याची गाठ पडणे बरे नव्हे. एकट्या-दुकट्याने पुढे धावू नका. लहान मुलांना मध्ये चालवा. म्हातारी माणसे, गुडघे दुखणारे, हृदयाचा विकार असलेले यांनी हट्ट धरू नये. त्यांच्या नावाचे बेलपान तुम्ही वाहा.

उपास असला तरी पोट अगदी रिकामे ठेवून चढू नका. रताळी, केळी, शेंगदाण्याचे लाडू जवळ असू द्या. माणशी निदान दोन लिटर पाणी घ्या. फराळ डब्यातून न्या, प्लास्टिकच्या पिशवीतून नको. नारळाची शेंडी, उदबत्तीचे वेष्टन, रिकामी बाटली, जे वर नेले ते खाली आणा. बेल घरच्या झाडाचा न्या, रानातली फांदी तोडू नका.

सर्वांत मोठी भीती विस्तवाची. शिवरात्रीच्या सुमारास माथ्यावरचे गवत वाळून कडकडीत झालेले असते. विडीचे एक थोटूक सबंध डोंगर पेटवू शकते. चहासाठी चूल मांडू नका. गुहेत निरांजन लावले तर ते शांत झाल्यावरच निघा. कड्याला आग्यामोहोळ दिसले तर धूर आणि आरडाओरडा तर मुळीच नको, एक माशी उठली की सगळे पोळे उठते. भजन जरूर म्हणा, पण कर्णा नको. रानातल्या जनावरांनाही कान आहेत.

पुष्कळ घरांतून वर जाताना लोटाभर पाणी नेतात. विहिरीचे असो की नदीचे, पिंडीवर घालताना एवढेच लक्षात ठेवा, की ते याच डोंगराने आपल्याला दिलेले आहे. डोंगर जसा सापडला तसाच ठेवून खाली उतरा. पुढच्या शिवरात्रीला तुमची मुले वर येतील, तेव्हा पिंडीवर थेंब पडत असला पाहिजे.