अल्पाक्याचा कळप : एका कुटुंबाच्या जोडधंद्याचा हिशेब

कोणत्याहि नव्या जनावराची जाहिरात दिसली कीं शेतकऱ्याच्या मनांत प्रथम प्रश्न येतो तो हा कीं, ‘हें आपल्या रानांत जगेल काय ?’ प्रश्न रास्त आहे. परंतु तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा कीं, या जनावरापासून निघणारा माल शेवटीं कोण विकत घेतो, आणि तो किती पैसे मोजतो ? हें तत्त्व नीट ठसण्यास अल्पाका या लोंकरीच्या जनावराचें उदाहरण फार बोधप्रद आहे. गेल्या चाळीस वर्षांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड वगैरे देशांतील पुष्कळ कुटुंबांनीं पांचदहा एकर जमिनीवर अल्पाक्यांचे लहान कळप उभे केले. कांहींचा धंदा स्थिरावला, कांहींची पुंजी बुडाली. जनावरांची निगा दोघांनींहि सारखीच राखली होती. मग फरक कोठें पडला, तें येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

जनावराची ओळख

जुन्या पिढींतील वकिलांचा व कारकुनांचा अल्पाक्याचा काळा कोट वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकला असेल. तें नांव या जनावरावरूनच पडलें. अल्पाका हा उंटाच्या कुळांतला असून त्यास मदार मात्र नसते. खांद्यापाशीं उंची सुमारें तीन फूट व वजन ५० ते ८० किलो. दक्षिण अमेरिकेंतील आंडीज पर्वतावर सुमारें सहा-सात हजार वर्षांपूर्वीं तेथील लोकांनीं विकुन्या नांवाच्या रानटी जनावरास माणसाळविलें, त्याचा हा वंश. लामा हा त्याचा मोठा भाऊबंद. लामा ओझें वाहतो, अल्पाका लोंकर देतो.

अल्पाक्याच्या दोन जाती आहेत. वाकाया जातीची लोंकर कुरळी व फुगीर असते, तर सुरी जातीची लांब बटांनीं खालीं लोंबते. वाकाया पुष्कळ व सुरी थोडे. लोंकरींत मेंढीच्या लोंकरीसारखा मेणचटपणा फारच कमी असल्यामुळें धुतांना वजन थोडेंच घटतें. पांढरा, तांबूस, तपकिरी, करडा, काळा असे अनेक रंग निसर्गतःच मिळतात. मालाची किंमत तंतूच्या बारीकपणावर ठरते. हा बारीकपणा मायक्रॉनमध्यें, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजतात. २३ मायक्रॉनपर्यंतचा माल उंची कपड्यांस जातो. ३० च्या वरचा जाड माल सतरंज्या व कांबळीं यांच्याच कामाचा. जनावराचें वय वाढतें तसा तंतु बहुधा जाड होत जातो, ही गोष्ट पुढील हिशेबासाठीं ध्यानांत ठेवावी.

मूळ देशांतील व्यवस्था

जगांतील बहुतेक अल्पाके पेरू देशांत, विशेषतः पुनो, कुस्को व आरेकिपा या भागांत आहेत. बारा ते पंधरा हजार फूट उंचीवरील त्या माळांवर गवताखेरीज फारसें कांहीं येत नाहीं. तेथील कुटुंब कळपाची कोणतीच वस्तु वायां जाऊं देत नाहीं. लोंकर विकतें, म्हाताऱ्या जनावराचें मांस खातें व वाळवून ठेवतें, कातडें वापरतें आणि लेंड्या जळणास घेतें. त्यामुळें लोंकर जाड झालेल्या जनावरासहि तेथें मोल आहे.

असें असूनहि हे मेंढपाळ गरीबच आहेत. लोंकर गांवच्या दलालाकडून आरेकिपा शहरांतील थोड्या मोठ्या पेढ्यांकडे जाते. तेथें अनुभवी स्त्रिया प्रत्येक लोंकर हातानें चाचपून बारीक व जाड अशी निराळी करितात. निवड अशी शहरांत होत असल्यामुळें तिचा नफाहि शहरांतच राहतो. माळावर पुष्कळ काळ सरसकट वजनावर एकच भाव मिळत असे, आणि मग बारीक लोंकरीचा नर जपण्याची गरज कोणास वाटणार ? २०१३ सालीं पुनो भागांत झालें त्याप्रमाणें एखाद्या वर्षीं हिमवर्षाव व थंडी यांनीं हजारों जनावरें मरतात, तो तोटा मात्र संपूर्ण मेंढपाळाचाच. तरी निवडीनें काय साधतें याचा दाखला त्याच भागांत आहे. माकुसानी येथील हूलिओ बारेदा या पशुपालकानें वाकाया व सुरी हे कळप वेगळे राखून लोंकरीकडे पाहून नर निवडण्याचा क्रम आयुष्यभर चालविला. त्याच्या ‘आकोयो’ या वाड्यावरील वंश पुढें परदेशांत नांवाजला गेला.

परदेशांत प्रसार

१८३६ सालीं इंग्लंडांतील ब्रॅडफर्डचा गिरणीवाला टायटस सॉल्ट यानें अल्पाक्याची लोंकर सुती ताण्यावर विणण्याची युक्ति साधली व तीवर मोठी संपत्ति मिळविली. त्यानें देशांत लोंकर आणली. पेरूनें जिवंत जनावरें बाहेर नेण्यास मनाई केली असतां चार्लस लेजर या इंग्रज गृहस्थानें अडीचशेंवर जनावरें चोरून डोंगरापार काढून १८५८ सालीं सिडनीस उतरविलीं. परंतु थोड्याच वर्षांत तो कळप विकला जाऊन प्रयोग फसला. पुढें १९८३-८४ च्या सुमारास अमेरिकेंतील संयुक्त संस्थानें व कानडा येथें, आणि त्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियांत जनावरें नेण्यांत आलीं, तेथून आजच्या लहान कळपांचा आरंभ होतो.

कळपाचा आरंभ

अल्पाका एकटा राहूं शकत नाहीं. एकटा ठेवला तर झुरतो व खाणें टाकतो. म्हणून निदान तीन जनावरें बरोबर घ्यावीं लागतात, व नर माद्यांपासून वेगळे बांधावे लागतात. चांगल्या कुरणाच्या एका एकरांत पांचसहा जनावरें पोसतात. वजनाच्या शेंकडा दीड-दोन इतकें कोरडें खाद्य पुरतें. म्हणजे ६५ किलोच्या जनावरास रोज सुमारें एक ते सव्वा किलो वाळलेलें गवत. पाय खुरांचे नसून मऊ तळव्यांचे असल्यामुळें जमीन फारशी तुडविली जात नाहीं. सर्व कळप ठराविक जागींच लेंड्या टाकतो. त्यामुळें खत गोळा करणें सोपें जातें व जंतांचा प्रसारहि कमी होतो. कुंपण चारपांच फूट उंच असावें, तें आंतील जनावर अडविण्यापेक्षां बाहेरील कुत्रीं रोखण्यासाठीं. कांटेरी तार वापरूं नये.

या जनावराचा मोठा शत्रु उष्मा होय. तिकडील पशुपालक फॅरनहाइट उष्णतेचे अंश व हवेंतील दमटपणाचे टक्के यांची बेरीज करितात. ती १२० च्या आंत असली तर चिंता नाहीं. १८० च्या वर गेली तर जीवास धोका. म्हणून उन्हाळ्यापूर्वीं वर्षांतून एकदां लोंकर कातरतात. पाठ व दोन्हीं कुशी यांवरील उत्तम लोंकर निराळी आणि मान, पाय व पोट यांवरील निराळी भरतात. एका जनावरामागें बहुधा दीड ते तीन किलो लोंकर निघते. याखेरीज नखें कापणें, नरांचे लढण्याचे सुळे बोथट करणें व जंतांवर नजर ठेवणें हीं कामें आहेतच. अमेरिकेच्या पूर्वभागांत रानहरणांच्या विष्ठेंतून गोगलगाईंत व तिच्यावाटे अल्पाक्याच्या पोटांत जाणारा एक कृमि पाठीच्या कण्यांत शिरून जनावर लुळें पाडतो. त्यावर प्रतिबंधक टोंचणी नियमानें द्यावी लागते. थंड व ढगाळ प्रदेशांत पिलांस ऊन न मिळाल्यानें हाडें वांकतात, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व पुरवितात.

कळपाची वाढ

अल्पाक्याची मादी शेळीमेंढीप्रमाणें ठराविक दिवसांनीं माजावर येत नाहीं. नराचा संयोग झाल्यावरच तिचें बीज सुटतें. त्यामुळें ऋतु सोयीचा पाहून नर दाखवितां येतो. गाभण मादी पुन्हां नर जवळ आणतांच थुंकून त्यास दूर करिते, हीच गाभणपणाची साधी खूण होय. गर्भ सुमारें साडेअकरा महिने राहतो. पिलूं बहुधा दिवसांच होतें, एकच होतें व सहा ते आठ किलो भरतें. जुळीं क्वचितच जगतात. पहिल्या कांहीं तासांत चीक पोटांत गेलाच पाहिजे. सहा महिन्यांनीं दूध तोडतात. मादी एक-दीड वर्षानंतर, अंगानें भरली म्हणजे, फळविण्यास योग्य होते.

आतां चार गाभण माद्यांनीं आरंभ करणाऱ्या कुटुंबाचें गणित मांडूं. एकहि जनावर दगावलें नाहीं, प्रत्येक मादी दरसाल व्याली, व पिलांत नर-माद्या निम्मे झाल्या असें धरूं. पहिलीं तीन वर्षें दरसाल चार पिलें. चवथ्या वर्षीं पहिल्या वर्षाच्या दोन कालवडी विऊं लागतील, म्हणून सहा. पांचव्या वर्षीं आठ. पांच वर्षांअखेर १७ माद्या व १३ नर मिळून ३० जीव होतात. प्रत्यक्षांत मर व वांझपणा वजा जातां वीस-पंचवीसच राहिले तरी समाधान मानावें.

कागदावरील व हातांतील पैसा

२००० सालाच्या आसपास अमेरिकेंत चांगल्या मादीस दहा हजार डॉलर व त्याहूनहि अधिक किंमत येत असे. १९९८ सालीं तेथील वंशनोंदणींत परदेशी जनावरें घेणें बंद झालें, त्यामुळें दुर्मिळता टिकून राहिली. वरील कुटुंबाच्या चार माद्यांचे ४० हजार डॉलर पांच वर्षांत १७ माद्यांचे १ लक्ष ७० हजार झाले, असें कागदावर दिसे. जाहिराती हेंच गणित मांडीत, व नोकरींतून निवृत्त होणारीं कुटुंबें आयुष्याची शिल्लक त्यांत घालीत.

त्याच कळपाचा दुसरा हिशेब पाहा. पांचव्या वर्षींचीं आठ पिलें वगळतां २२ जनावरांची लोंकर, दर जनावरीं दोन किलो धरून, ४४ किलो होते. कच्च्या लोंकरीस रत्तलामागें दहा डॉलर असा उदार भाव धरला तरी वर्षाचे पुरते एक हजार डॉलरहि होत नाहींत. तीस जनावरांचें गवत, टोंचणी, कातरणी व कुंपण यांचा खर्च त्यांत कसा भागावा ? तिकडे मांस खाण्याची चाल नाहीं. म्हणून तेरा नरांपैकीं एखाददुसरा वळू म्हणून खपला तर खपला, बाकीचे खच्ची करून लोंकरीवरच ठेवायचे. मादीची किंमत तिच्या लोंकरीवर नव्हे, तर उद्यां कोणी नवें कुटुंब या धंद्यांत शिरेल या आशेवर उभी होती.

हाच निष्कर्ष कॅलिफोर्निया विद्यापीठांतील टीना सायटोन व रिचर्ड सेक्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत काढला होता. पुढच्याच वर्षीं आर्थिक मंदी आली, नवे गिऱ्हाईक थांबले आणि किंमती कोसळल्या. हजारों डॉलरांची जनावरें पुष्कळांनीं अल्प किंमतींत, तर कांहींनीं फुकटहि देऊन टाकलीं. रोगानें जें झालें नाहीं तें हिशेबाच्या चुकीनें झालें.

टिकलीं तीं कुटुंबें

जीं कुटुंबें टिकलीं त्यांनीं प्रथमपासून, किंवा वेळींच सावध होऊन, लोंकर हाच आपला माल मानला. जाड लोंकरीच्या माद्या त्यांनीं वंशवृद्धींतून काढल्या. नर विकत न घेतां शेजारच्या उत्तम नराची सेवा फी देऊन घेतली. एका घराची चाळीस किलो लोंकर दहा रंगांची व दहा प्रतींची असते; ती गिरणीस नको असते. म्हणून अनेक घरांची लोंकर एकत्र करून, प्रतवार लावून, सहकारी रीतीनें सूत काढविलें. बाकीच्या लोंकरीचें सूत, पायमोजे, टोप्या घरींच करून आठवड्याच्या बाजारांत विकल्या. जाड लोंकर गाद्या-उशांत भरली, लेंडीखत बागवाल्यांस दिलें. कळप कुरणास व बाजारास झेपेल तेवढाच ठेवला. अशा घरांतूनहि बहुतेकांस नोकरीचा किंवा दुसऱ्या पिकाचा आधार असतोच. हा जोडधंदा आहे, मुख्य धंदा नव्हे, हें त्यांनीं ओळखलें.

आपल्यासाठीं बोध

अल्पाके आपल्याकडे आणावे असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. कोंकणांत ९० अंश उष्णता व ८० टक्के दमटपणा ही नित्याची गोष्ट आहे. बेरीज १७० होते, एवढेंच सांगणें पुरे. परंतु हा प्रसंग आपणांस परका नाहीं. इमू पक्ष्याचें उदाहरण ताजें आहे. त्याचें मांस, तेल व पिसें यांस पक्का बाजार नसतांना पिलें विकणाऱ्यांचाच तेवढा धंदा चालला. २०१२ सालीं तमिळनाडूंतील इरोड जिल्ह्यांत त्या योजना कोसळल्या, आणि महाराष्ट्रांतहि पक्षी पाळून बसलेल्या शेतकऱ्यांस गिऱ्हाईक मिळेना. उलट आपली दख्खनी मेंढी पाहा. घोंगडीची मागणी घटल्यानें तिच्या जाड लोंकरीस पुष्कळ ठिकाणीं कातरणीचाहि खर्च निघत नाहीं; तरी धनगराचा कळप उभा आहे, कारण मांसास रोजचें गिऱ्हाईक आहे व शेतांत मेंढ्या बसविल्याचा मोबदला मिळतो.

तेव्हां कोणतेंहि नवें जनावर घेण्यापूर्वीं शेतकऱ्यानें तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्या. एक, पिलें विकण्याचें उत्पन्न शून्य धरून दूध, मांस, लोंकर व खत यांवर वर्षाचा खर्च भागतो काय ? दुसरी, तो माल आज कोण विकत घेतो, आणि तो नव्यानें पाळणारा आहे कीं वापरणारा ? तिसरी, निम्मे नर व म्हातारीं जनावरें यांचें काय करावयाचें ? या तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक असतील तर चार जनावरांनीं खुशाल आरंभ करावा. उत्तरें नसतील, तर जनावर कितीहि देखणें असो, विकणाऱ्यास नमस्कार करून घरची वाट धरावी.