सामायिक पाण्याचे देणे

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे शहाणपण सर्वांनाच मान्य आहे. परंतु आधीच खणून ठेवलेल्या विहिरीचा खर्च, पुढे तहानच कमी झाली तर कोणी सोसावयाचा? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोकाला वसलेल्या सॅन डिएगो काउंटीपुढे, म्हणजे तेथील जिल्ह्यापुढे, आज हाच प्रश्न उभा आहे.

अल्प पर्जन्याच्या या प्रदेशातील शहरे व पाणीपुरवठा संस्था यांचे सामायिक जलप्राधिकरण १९४४ साली स्थापन झाले. १९४७ मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी तेथे पोहोचले. पुढे बहुतेक सर्व पाणी लॉस एंजेलिसच्या एकाच घाऊक पुरवठादार संस्थेकडून येऊ लागले. १९९१ च्या अवर्षणात हे अवलंबन ९५ टक्के होते. त्या संस्थेने ३१ टक्के कपात केली, तेव्हा परावलंबनाची किंमत जिल्ह्याला कळून चुकली.

त्यानंतर प्राधिकरणाने जे केले ते दूरदृष्टीचेच होते. २००३ च्या करारान्वये इंपीरियल खोऱ्यातील शेतीतून वाचवलेले पाणी विकत घेण्याचे ठरले. त्याचे पूर्ण प्रमाण वर्षाला सुमारे ८.७ अब्ज घनफूट होय. २०१४ मध्ये सॅन व्हिसेंटे धरणाची उंची ११७ फुटांनी वाढविण्याचे काम पूर्ण झाले. २०१५ मध्ये कार्ल्सबाड येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा, दररोज सुमारे १९ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी खाजगी कंपनीशी ३० वर्षांचा करार असून किमान पाणी घेण्याची हमी प्राधिकरणाने दिलेली आहे.

टंचाईचे भय यामुळे ओसरले, परंतु हिशेब चुकला. लोक काटकसर शिकले. सॅन डिएगो शहराने सांडपाणी शुद्ध करून पिण्याजोगे करण्याची योजना हाती घेतली. विक्री घटली, तरी कर्जाचे हप्ते आणि करारांची देणी घटत नाहीत. साहजिकच दर चढत गेले. फॉलब्रुक व रेनबो या अ‍ॅव्होकाडोच्या बागायतीच्या दोन भागांनी नोव्हेंबर २०२३ च्या मतदानात प्राधिकरण सोडून शेजारच्या रिव्हरसाइड जिल्ह्यातील स्वस्त पुरवठादाराकडे जाण्याचा कौल दिला. बाहेर पडण्याचे शुल्क त्यांना भरावे लागले, हे खरे. तथापि एकेक सभासद असा गळू लागला, तर उरलेल्यांवरील भार वाढेल आणि तो भारच पुढच्याला बाहेर ढकलील.

बागायतदारांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याचे पीक दरवाढीने तोट्यात जाते, त्याला भावी सुरक्षिततेचे प्रवचन पुरेसे होत नाही. दोष दूरदृष्टीतही नाही. वापर वाढतच जाईल, या गृहीतावर दीर्घ मुदतीची देणी बांधली गेली, हे खरे वर्म आहे. अलीकडे प्राधिकरण शिल्लक पाणी शेजाऱ्यांना विकू पाहत आहे. तो मार्ग योग्यच आहे. पण त्याहून महत्त्वाचे असे की, पाण्याच्या हमीची किंमत आणि प्रत्यक्ष वापराची किंमत यांची आकारणी वेगळी हवी, व नवे काम मागणी पाहून टप्प्याटप्प्याने हवे. सामायिक विहीर टिकते ती तिच्यातील झऱ्यांवर तशीच भागीदारांच्या परस्पर विश्वासावर. आणि तो विश्वास हिशेबाच्या उघडेपणातूनच येतो.