सगळ्यांत अंगमेहनतीचा खेळ कोणता? काट्यापुढच्या रांगेतला एक वाद



गेल्या हंगामातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले असतील. गव्हाणीत बिघाड होऊन गाळप थांबलेले आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पार हमरस्त्याला टेकलेली. थंडी मरणाची. जागोजाग पाचटाच्या शेकोट्या पेटल्या होत्या. अंकासाठी काही मजकूर मिळतो का म्हणून आम्ही रांगेतून हिंडत होतो, तर एका शेकोटीभोवती आवाज चढलेले ऐकू आले. आम्हांला वाटले, तोडीच्या पाळीवरून जुंपली. जवळ जाऊन पाहतो तो वाद भलताच. माणसाच्या अंगाचा सगळ्यांत जास्त कस लागतो तो खेळ कोणता?

वाद रिकामटेकडा मात्र नव्हता. कारखान्याच्या क्रीडा निधीसाठी दोन अर्ज आलेले आहेत. एक तालमीचा: छपराचे पत्रे बदलायचे आणि सरावाला मॅट घ्यायची. दुसरा तरुण मंडळाचा, कबड्डीच्या मॅटसाठी. निधी एकाच कामापुरता आहे. त्यामुळे शेकोटीच्या एका अंगाला तालमीचे वस्ताद आणि दुसऱ्या अंगाला कबड्डीची पोरं, अशी सरळ फळी पडली होती.

वस्ताद म्हणाले, "कुस्तीत कुठला भाग रिकामा राहतो ते दाखीव. मान लागती, मनगाट लागतं, कंबर लागती, आणि डोस्कं सगळ्यात आधी लागतं. समोरच्यानं डाव धरायच्या आत तो वळखाय पाहिजे."

त्यावर एक पोरगा म्हणाला, "वस्ताद, तुमची मॅटवरची कुस्ती सहा मिनिटांची. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट दम. आमचा सामना चाळीस मिनिटांचा."

"चाळीसातली किती मिनिटं बाद होऊन भाईर बसतोस, ते बी सांग की!"

हशा पिकला. पण पोरगा हटला नाही. तीस सेकंदांत सात जणांच्या गोटात एकट्याने शिरायचे, गडी टिपायचा आणि सात जण अंगावर पडले तरी रेषेला बोट लावायचे, याला काय म्हणायचे, असे त्याने विचारले. एका ट्रॉलीवाल्याने मध्येच क्रिकेटचे नाव काढले, तेव्हा दोन्ही बाजू एक झाल्या आणि त्याला गप्प बसवले. आमच्या मते हा थोडा अन्याय झाला. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो, तेव्हा त्या पायावर त्याच्या वजनाच्या कैक पटींनी भार येतो. असे दिवसभर आणि लागोपाठ पाच दिवस करून दाखवावे, मग हसावे.

मग आम्हांला पंच केले. आम्ही वाचलेले सांगितले. अमेरिकेतल्या ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने 2004 साली हाच प्रश्न जाणकारांपुढे ठेवला होता. 60 खेळ घेतले. दम, ताकद, झटका, वेग, चपळाई, लवचीकपणा, छाती, मार सोसण्याची तयारी, हात-डोळ्यांचा मेळ आणि खेळाची समज अशा दहा गोष्टींना गुण दिले आणि बेरीज केली. पहिला आला बॉक्सिंग, दुसरा बर्फावरचा हॉकी, तिसरा अमेरिकन फुटबॉल, चौथा बास्केटबॉल आणि पाचवी कुस्ती. शेवटचा नंबर गळाने मासे धरण्याचा.

"पाचवी!" वस्ताद म्हणाले. "आन् कबड्डी?"

कबड्डी त्या यादीतच नव्हती. खो-खोही नव्हता आणि क्रिकेटही नव्हते. पंच अमेरिकेतले, खेळ त्यांच्या बघण्यातले.

पण आम्हांला त्या यादीत खटकते ते वेगळेच. सभासदांना ते चटकन कळेल. 265चे टनेज मोठे, 86032चा उतारा चांगला. दोन्हींत सरस वाण कोणता? शेतकऱ्याला विचारा, तो काट्याकडे बघून सांगेल. चीफ केमिस्टला विचारा, तो प्रयोगशाळेकडे बघून सांगेल. दोघेही खरे बोलतात. तसेच इथे आहे. दहा गोष्टींची सारखी बेरीज केली की ज्या खेळात सगळे थोडे थोडे लागते तो वर जातो. ज्यात एकच गोष्ट टोकाची लागते तो खाली घसरतो. म्हणून त्या यादीत लांब पल्ल्याचे धावणारे पार खाली आहेत. उलट शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकते, हे एकच माप लावले, तर नॉर्वेसारख्या देशांतले बर्फावरून लांब पल्ल्याने घसरत जाणारे खेळाडू सगळ्यांच्या पुढे निघतात आणि भलेभले मल्ल मागे पडतात.

आणखी एक बाब कुठल्याच यादीत धरलेली नाही, ती म्हणजे वजनाचा काटा. आपल्याला शंभर ग्रॅमची किंमत काय? ट्रॉलीमागे क्विंटलभर इकडे-तिकडे झाले तर आपण ओरडतो. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 50 किलोच्या काट्यावर 100 ग्रॅम जास्त भरली. पदक गेले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावत उपान्त्य फेरी हरला आणि ब्राँझच्या कुस्तीआधी रातोरात साडेचार किलोच्या वर वजन उतरवून 57 किलोत उभा राहिला. ब्राँझ घेऊनच आला. न खाता-पिता रात्रभर घाम काढायचा आणि मग कुस्ती खेळायची. याला कुठल्या रकान्यात गुण द्यायचे?

हेच ब्राँझ आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत मिळवले होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हाची हकिगत जुने लोक अजून सांगतात. जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती झाल्यावर नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती न देताच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लापुढे उभे केले. तक्रार करायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. अंगाचा कस म्हणजे नुसता जोर नव्हे. जोर संपल्यावर तो परत भरून यायला वेळ लागतो, खुराक लागतो, आणि आपल्या बाजूने बोलणारे कोणी तरी लागते. आम्ही हे सांगितले तेव्हा वस्ताद आणि तो कबड्डीचा पोरगा, दोघांनीही माना डोलावल्या. त्या रात्री दोघांचे एकमत झाले ते एवढ्यावरच.

तेवढ्यात ट्रॉलीच्या सावलीत घोंगडे पांघरून बसलेला एक तोडणी मजूर म्हणाला, "दादा, मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकवर चढायचं कशात धरता तुम्ही?"

कोणी बोलेना. शेवटी वस्तादच म्हणाले, "त्याला खेळ म्हणू नगंस बाबा. खेळात दमला की सोडून देता येतं."

पहाटे गव्हाण सुरू झाली आणि मंडळी पांगली.

आमच्या मनातून मात्र विषय जाईना. आठवड्याने आम्ही शेजारच्या हायस्कूलच्या मैदानावर गेलो. मुलींचा खो-खो चालला होता, मुरमाड जमिनीवर, अनवाणी. हा खेळ आपण सगळेच लहानपणी खेळलो, म्हणून त्याच्याकडे नीट बघत नाही. आठ जणी आलटून पालटून तोंडे करून बसलेल्या. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की मागे फिरायचे नाही आणि मधली पट्टी ओलांडायची नाही. पळणारीला मात्र सगळीकडून वाट मोकळी. म्हणून पळणारी क्षणात थांबते, उलटी फिरते, दोघींमधून निसटते, खांबाला वळसा घालते. दोन-तीन मिनिटे टिकली तर मैदान टाळ्या वाजवते, आणि तिथे उभे राहून पाहिल्यावर त्या टाळ्या का, ते कळते. तिथे वेग आणि दम लागतोच. त्यापेक्षा जास्त लागते ती भरवेगात स्वतःला थांबवण्याची ताकद. गुडघ्यांना विचारा.

2025च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत नेपाळला हरवून भारत जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वायकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचेच.

आम्ही तिथल्या क्रीडा शिक्षकांना विचारले, "सर, तुमचा अर्ज का नाही आला?"

ते म्हणाले, "अर्ज मागवलेत हे आम्हांला कोणी कळवलंच नाही. आणि आम्हांला लागतं तरी काय? दोन खांब, चुना आणि मैदानातले खडे वेचायला चार माणसं. पोरींना बूट मिळाले तर उत्तमच."

अर्जाची सूचना गट ऑफिसच्या फळ्यावर लावली होती, ही चूक आमचीही. शाळेत एक कागद पाठवायला हवा होता.

पंच म्हणून आमचा निकाल विचाराल, तर एका माणसाच्या सगळ्या अंगाचा कस बघायचा असेल तर आम्ही कुस्तीला कौल देऊ. वस्तादांनी फार आनंदून जाऊ नये, कारण निधी कुठे द्यावा हा प्रश्न निराळा आहे. तालमीचे छप्पर पावसाळ्याआधी झालेच पाहिजे, ते खेळाबिळाच्या वादात घालू नये. मॅट कोणाला, याचा निर्णय संचालक मंडळाकडे आहे. तिसरा अर्ज आम्ही क्रीडा शिक्षकांकडून लिहून घेतला असून तो मंडळापुढे ठेवला आहे.

ज्या सभासदांना या तिन्ही अर्जांबद्दल काही सांगायचे असेल त्यांनी आपले म्हणणे लेखी स्वरूपात, सभासद क्रमांक घालून, आपापल्या गट ऑफिसात द्यावे. महिला सभासदांनी अवश्य लिहावे. क्रिकेटवाल्या ट्रॉलीमालकाचे पत्र आलेले आहे.