समुद्रात आवाज करायला कोणाची परवानगी?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडीची कणसे भरू लागली की पाखरे राखायला माणूस लागतो. माळ्यावर उभा राहून तो डबा बडवतो, गोफण फिरवतो, हाळी देतो. पहिल्या दिवशी थवा उठतो तो थेट पलीकडच्या शिवारात जातो. चार दिवसांनी त्याच डब्याला थवा उठतो, एक गिरकी घेतो आणि पुन्हा कणसांवर येऊन बसतो. आवाज तोच, पण पाखरांचे वागणे बदललेले. म्हणजे आवाज किती मोठा, एवढ्यावरून प्राणी काय करील हे सांगता येत नाही. तो भुकेला आहे का, आवाज ओळखीचा आहे का, पळायला जागा आहे का, यावर पुष्कळ ठरते.

शाळेत ध्वनीचा धडा शिकवता शिकवता मी या प्रश्नाच्या मागे लागलो आणि समुद्रापर्यंत पोहोचलो. देवमासे आणि डॉल्फिन यांच्याबाबत हाच प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे शास्त्रज्ञ विचारत आहेत. फरक एवढाच की माळ्यावरच्या राखणदाराला डबा वाजवायला कोणाला विचारावे लागत नाही. शास्त्रज्ञाला विचारावे लागते.

आधी पाण्यातल्या आवाजाविषयी. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्रात सुमारे १,५०० मीटर. प्रकाश पाण्यात लवकर विझतो. खालच्या पट्टीतला आवाज मात्र शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. म्हणून दात असलेले देवमासे आणि डॉल्फिन टकटक आवाज काढून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट आणि भक्ष्य शोधतात. ऐकणे हेच त्यांचे पाहणे. डेसिबलचे आकडे वाचताना मात्र जपावे. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा मोठ्याने वाजणाऱ्या फटाक्यांना आपल्याकडे बंदी आहे, हे दिवाळीत वर्तमानपत्रे सांगतातच. पाण्यातला डेसिबल वेगळ्या पायावरून मोजतात. हवेतल्या आकड्याशी त्याची ढोबळ तुलना करायची, तर त्यातून सुमारे ६२ वजा करावे लागतात.

मार्च २००० मध्ये बहामा बेटांच्या किनाऱ्यावर दीड-दोन दिवसांत सुमारे सतरा देवमासे येऊन अडकले. त्यांत बहुतेक चोचवाले, म्हणजे खोल बुडी मारणारे होते. अमेरिकी नौदलाच्या युद्धनौका जवळच सोनार वापरत होत्या. नौदल आणि तेथील सागरी खाते यांच्या २००१ मधील संयुक्त अहवालाने याचे संभाव्य कारण म्हणून त्या सोनारकडेच बोट दाखवले. पण सोनारने नेमके काय होते? किती आवाजाला प्राणी चारा सोडतो, कितीला पळतो? हे कळायचे तर मोजूनमापून आवाज सोडून पाहावे लागते. आणि संरक्षित प्राण्याला मुद्दाम आवाज ऐकवणे म्हणजे कायद्याच्या भाषेत त्याला त्रास देणे.

अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली यासाठी परवाना लागतो. अर्जदाराने सांगायचे असते : कोणते प्राणी, किती, कोणत्या ऋतूत, आवाज किती मोठा आणि किती वेळ, पिले सोबत असतील तर काय, काय दिसले की प्रयोग थांबवणार. हा अर्ज सरकारी राजपत्रात छापला जातो आणि सामान्य माणसालाही तीस दिवसांत हरकत घेता येते. ही नुसती औपचारिकता नव्हे. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ध्वनीचा वेग मोजून समुद्राचे तापमान काढायचे होते, कारण पाणी तापले की त्यातला ध्वनी जलद जातो. १९९१ मधली हर्ड बेटाजवळची चाचणी यशस्वी झाली. पण पुढच्या प्रकल्पाला कॅलिफोर्नियात परवाना मागितला तेव्हा लोक खवळले. अखेर ध्वनियंत्राची जागा बदलून ती किनाऱ्यापासून दूर नेली गेली आणि आधी प्राण्यांवर होणारा परिणाम तपासावा लागला.

अशा परवान्यांखाली झालेल्या प्रयोगांनी पुष्कळ शिकवले. रबरी पेल्याने पाठीवर चिकटणारे आणि काही तासांनी आपोआप सुटणारे यंत्र लावायचे, काही काळ नुसते निरीक्षण करायचे, मग हळूहळू चढवत आवाज सोडायचा, थांबायचे आणि पुन्हा पाहायचे, अशी रीत. बहामात २००७ आणि २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात चोचवाल्या देवमाशांनी टकटक थांबवली, खाणे सोडले आणि ते जागेवरून निघून गेले. हे घडले ते इजा होण्याच्या मानाने बऱ्याच कमी आवाजाला. कॅलिफोर्नियातल्या निळ्या देवमाशांचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले : खोल पाण्यात चरणारे विचलित झाले, पृष्ठभागाजवळ चरणारे फारसे नाहीत. हुरड्यावरच्या पाखरांसारखेच, आवाजाइतकीच त्या क्षणीची अवस्था महत्त्वाची.

आपल्याकडचा कायदाही १९७२ चाच, वन्यजीव संरक्षण कायदा. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचा मालढोक आणि गंगेतला डॉल्फिन दोघेही त्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षक संशोधनासाठी परवाना देऊ शकतात, पण अनुसूची १ मधील प्राण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. गंमत अशी की हा परवाना कायद्याच्या शब्दांत ‘शिकारी’चा असतो, कारण शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, हाकणे, आमिष दाखवणेही येते. आवाजाने त्रास देणे असा वेगळा शब्द मात्र त्या व्याख्येत नाही. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी शिकारी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या व्याख्येत इंजिन कसे असणार?

आणि इंजिन तर आले आहे. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ डॉल्फिनच्या घरातूनच जातो. मयूख डे, जगदीश कृष्णस्वामी, नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या गंगेतलाच. त्यांनी होड्या-जहाजांचा आवाज आणि डॉल्फिनची टकटक यांच्या नोंदी घेतल्या. आवाज अधूनमधून असेल तर डॉल्फिन जास्त टकटक करतात, जणू गोंगाटात ओरडून बोलतात. तो सततचा झाला की गप्प होतात. उन्हाळ्यात पाणी उथळ झाले की गोंगाट वाढतो, डॉल्फिनचा स्वतःचा आवाज त्यात बुडतो आणि शरीराची जास्त शक्ती खर्च होते. जवळजवळ आंधळ्या प्राण्याला गप्प बसणे म्हणजे काठी हरवणे.

इथे मला खरी विसंगती दिसते. जाणून घेण्यासाठी काही मिनिटे आवाज करणाऱ्याने अर्ज करायचा. रोज तासन्‌तास आवाज करणाऱ्या मालवाहू जहाजाला इंजिनच्या आवाजासाठी परवाना नाही. अमेरिकेत नौदलाला आणि तेल शोधणाऱ्यांना निदान मंजुरी घ्यावी लागते, पण तिथेही नेहमीची व्यापारी वाहतूक सुटते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये जहाजे शांत करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२३ मध्ये सुधारली. ती ऐच्छिकच आहेत. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॅनडातील फंडीच्या उपसागरात जहाजांची ये-जा घटली आणि आवाज ६ डेसिबलने उतरला. त्याच दिवसांत राइट देवमाशांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकेही कमी आढळली. ती शांतता कोणी मागितली नव्हती, तरी तिने आपल्याला शिकवले.

मग संशोधकांचाही परवाना काढून टाकावा का? मला तसे वाटत नाही. आमच्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवले जातात ते दुष्काळात हुकमाची वाट न पाहता बादशाही कोठार लुटवल्याबद्दल. भूक थांबणार नव्हती. जिज्ञासेला थांबता येते, आणि थांबून दिलेल्या उत्तरांतून प्रयोगही सुधारतो. परवाना ही चांगली प्रश्नपत्रिका आहे; चूक एवढीच की ती एकाच परीक्षार्थ्याला दिली जाते.

तेच प्रश्न जलमार्गाला विचारता येतील : आवाज किती, कोणत्या महिन्यात, पाणी किती खोल, काय दिसले की थांबणार? उथळ पाण्याच्या महिन्यांत जहाजे कमी आणि हळू चालवावीत, हे सांगायला नव्या प्रयोगाची गरज उरलेली नाही. कोकणात डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटींनाही कळपाजवळ इंजिन मंद करायला सांगता येईल. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर संशोधकांनी डॉल्फिनच्या शिट्ट्या टिपून त्यांची वर्गवारी केली आहे. आज तिथे काय ऐकू येते, याची नोंद आपल्या हाती आहे. उद्याचा गोंगाट मंजूर करण्यापूर्वी ती नोंद कोणीतरी टेबलावर ठेवायला हवी.