दहा सेकंदांतला खरखरीत ढम्!

दोस्तांनो, अभ्यास करताना ताई-दादा हल्ली जे संथ ‘लो-फाय’ संगीत लावून बसतात ना, त्यातला ड्रम नीट ऐकलाय का कधी? ढम् करताना तो जरासा चरचरतो, आणि विरताना खसखसतो. ही खरखर मुद्दाम आणलेली असते बरं का!

ती आली कुठून? त्यासाठी १९८७ सालच्या अमेरिकेत जाऊ. ई-म्यू नावाच्या कंपनीने एसपी-१२०० हे यंत्र काढलं. कुठलाही आवाज त्यात भरायचा, मग बटण दाबलं की तो वाजायचा. पण जागा किती? सगळे आवाज मिळून जेमतेम १० सेकंद!

न्यूयॉर्कच्या हिप-हॉप कलाकारांनी यावर फार सुंदर युक्ती केली. ड्रमचा आवाज ज्यांवरून घ्यायचा, त्या गाण्यांच्या मोठ्या तबकड्या मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायच्या. त्यांनी त्या ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरवल्या. ड्रम चिरक्या आवाजात भरभर वाजून गेला, म्हणून जागाही कमी लागली. मग यंत्रातच त्याचा वेग पुन्हा उतरवला. झालं! १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचे ड्रम मावले.

पण आवाज मात्र बदलला. असं का झालं? हे यंत्र आवाज सलग साठवत नाही. ठराविक वेळाने त्याच्या लाटेची उंची मोजतं आणि आकडे लिहून ठेवतं. सीडीत सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, एसपी-१२०० मध्ये साधारण २६,०००. त्यात वेग उतरवला की तेच आकडे जास्त वेळात पसरतात, आणि मूळ ड्रमच्या एका सेकंदाच्या वाट्याला १९,००० च्या आसपासच उरतात. मग लाटेच्या मऊ वळणाच्या जागी खाचा पडतात, आणि मूळ ड्रममध्ये नसलेले बारीक, उंच सूर ऐकू येऊ लागतात.

उंची मोजायची पट्टीही जाडीभरडीच. सीडीत लाटेच्या उंचीला ६५,५३६ पायऱ्या, इथे फक्त ४,०९६. जोरदार ठोक्याला त्या पुरतात. पण आवाज विरू लागला, अगदी हळू झाला, की त्याच्या वाट्याला चार-दोन पायऱ्याच येतात. जिन्यावरून उतरावं तसा तो धडपडत उतरतो. ती खसखस म्हणजे हेच! म्हणून ठोक्यापेक्षा त्याच्या शेपटीकडे कान द्या.

पुढे यंत्रांतली जागा स्वस्त झाली, आवाज लख्ख झाले. तरी कलाकारांना ही खरखर हवीच होती. इतकी, की एसपी-१२०० चे रचनाकार डेव्ह रॉसम यांनी कितीतरी वर्षांनी ते पुन्हा बाजारात आणलं.

आता घरी करून बघा. स्टीलच्या डब्यावर थाप मारून मोबाइलवर रेकॉर्ड करा. ताई-दादाच्या मदतीने ती फाइल संगणकावर ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्राममध्ये उघडा. वेग ३५ टक्के वाढवा. मग ८,००० हर्ट्‌झ (म्हणजे सेकंदाला ८,००० आकडे) आणि ८-बिट निवडून फाइल साठवा. म्हणजे उंचीच्या पायऱ्या उरल्या फक्त २५६! तीच फाइल पुन्हा उघडा आणि वेग २६ टक्के कमी करा. हेडफोनचा आवाज मात्र बेताचाच ठेवा हं.

मग पत्र्याचा डबा, प्लॅस्टिकची बादली, पुठ्ठ्याचं खोकं, सगळं वाजवून बघा. कोणाची खरखर सगळ्यांत झकास, ते आम्हाला जरूर कळवा!