दोन संगणक, दोन मॉनिटर. मधला स्विच कोणता?

२०२० च्या टाळेबंदीत अनेक शहरी घरांत कार्यालयाचा लॅपटॉप आणि घरचा संगणक एकाच टेबलावर आले. दोन्हींसाठी तेच मॉनिटर वापरायचे, तर दर वेळी केबली काढण्या-लावण्याची कसरत करावी लागते. ती वाचविणारे उपकरण म्हणजे ‘केव्हीएम स्विच’. की-बोर्ड, व्हिडिओ आणि माऊस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. बटण दाबताच तिन्ही गोष्टी एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातात. मात्र मॉनिटर एकाऐवजी दोन असले, की ही खरेदी फसण्याची शक्यता वाढते.

पहिली चूक होते ती मोजणीत. ‘दोन संगणकांसाठी’ असे लिहिलेला स्विच बहुधा एकाच मॉनिटरचा असतो. साधारणपणे प्रत्येक संगणकातून प्रत्येक मॉनिटरसाठी स्वतंत्र केबल स्विचपर्यंत यावी लागते. दोन संगणक आणि दोन मॉनिटर असतील, तर चित्राच्या चार केबली आत येणार आणि दोन बाहेर जाणार. म्हणूनच लॅपटॉपला चित्र बाहेर देणारी किती पोर्ट आहेत, हे आधी पाहावे.

दुसरा मुद्दा क्षमतेचा. खोक्यावर नुसते ‘फोर-के’ लिहिलेले पुरेसे नाही. एचडीएमआय १.४ या जुन्या प्रकारात फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच ताजे होते आणि माऊसचा बाण अडखळत सरकल्यासारखा दिसतो. एचडीएमआय २.० मध्ये हेच प्रमाण ६० आहे. स्विच आणि केबल यांपैकी जे कमकुवत, त्यानुसार चित्राचा दर्जा ठरतो.

तिसरी बाब सहसा विक्रेता सांगत नाही. मॉनिटर आपली ओळख आणि क्षमता संगणकाला कळवीत असतो. या माहितीला ‘ईडीआयडी’ म्हणतात. साध्या स्विचमध्ये बटण दाबताच ही माहिती तुटते. मॉनिटर काढून टाकला, असे समजून संगणक उघडलेल्या सर्व खिडक्या उरलेल्या पडद्यावर गोळा करतो. ‘ईडीआयडी इम्युलेशन’ असलेला स्विच ही माहिती टिकवून धरतो. त्याची किंमत अधिक असते. पण दिवसातून अनेकदा अदलाबदल करणाऱ्याने त्यात काटकसर करू नये.

स्वस्त पर्यायही आहे. मॉनिटरला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट अशी दोन्ही पोर्ट असतील, तर एकेक संगणक थेट जोडावा आणि की-बोर्ड व माऊससाठी केवळ यूएसबी स्विच घ्यावा. चित्र मात्र प्रत्येक मॉनिटरच्या बटणाने बदलावे लागते.

एक सावधगिरी आवश्यक. केव्हीएम स्विच स्वतःहून दोन संगणकांतील फायलींची देवाणघेवाण करीत नाही. पण त्याच्या यूएसबी पोर्टमध्ये राहिलेला पेन ड्राइव्ह बटण दाबताच कार्यालयाच्या लॅपटॉपला जोडला जातो. त्यामुळे खरेदीपूर्वी दुकानदाराइतकेच कार्यालयाच्या संगणक विभागालाही विचारलेले बरे.